एका शब्दाचा जबाब

“तोडा! कोपरापासून तोडा सायेब त्याचा हात! मीच वाढवलाय त्याला, मीच सांगत्ये, तोडा!”

बाई ठाण्याच्या दारात उभी होती, पण आवाज केव्हाच आत येऊन माझ्या टेबलावर बसला होता. त्या आवाजाने भिंतीवरची पाल खाली पडली, असं मी आजवर शंभर जणांना सांगितलं आहे. पाल आपल्या कारणाने पडली असेल, पण पडली. ठाणे अंमलदाराने पेन खाली ठेवलं. वायरलेसवरचा शिपाई वायरलेस सोडून बाईकडे बघायला लागला. आणि ज्याचा हात तोडायचा होता, तो कोठडीत गज धरून नुसता उभा होता. डाव्या हाताने.

सेवेत ओरडणारी माणसं मी पोत्यांनी ऐकली. सगळी विरून गेली, ही एक बाई मात्र कानात राहिली. कारण ज्याचा हात तोडायला ती सांगत होती, त्याच्या तोंडात त्याच्या लहानपणी घास घालणारी तीच होती.

नावं कुणाचीच सांगणार नाही, ठाण्याचंही नाही. महाडकडून पोलादपूर ओलांडून आंबेनळीच्या घाटाला लागलं की दोन्ही अंगांना डोंगरात वाड्या चिकटलेल्या दिसतात. त्यातली एक वाडी, एवढं पुरे. घाट असा, की एकदा एका वळणावर मला शिंक आली, ती तिसऱ्या वळणावर मला पुन्हा भेटली.

मी तेव्हा नुकताच गडावरचा बंदोबस्त उरकून परतलो होतो. हिरकणीवाडीत उन्हात उभं राहून राहून पाय बुटात नव्हते, बूट पायात रुजले होते. त्याआधी हायवेवरचे अपघात. नोकरीत मी जेवढे पंचनामे लिहिले त्यांचे कागद एकाला एक जोडले असते, तर महाड ते मुंबई रस्ता झाला असता, आणि सरकारी रस्त्याच्या आधी झाला असता. माणूस असा थकला की त्याला फार खोल बघायला नको असतं. समोर तयार ताट आलं की बरं वाटतं. हे प्रकरण तसं तयार ताटात वाढून आलं होतं.

खबर पोलीस पाटलाने दिली. “साहेब, काका गडग्याखाली पडलेत. डोकं फुटलंय. जिते हायत, पण बोलत नायत.”

गडगा म्हणजे बांधावर रचलेली दगडांची भिंत, आणि काका म्हणजे वाडीतला जाणता माणूस. गळ्यात तुळशीची माळ, कडक. त्याच्या समोर तरुण पोरं बिडी खिशात विझवायची आणि खिसा जळाला तरी हू की चू करायची नाहीत. त्याला मूलबाळ नव्हतं. भाऊ-भावजय लवकर गेले, त्यांचा मुलगा काका-काकीनेच वाढवला. हा पुतण्या आता तिशीचा, घाटात टेम्पो चालवायचा. वरून भाजी भरायची, खाली महाडच्या बाजारात टाकायची. जन्माचा डावखुरा. वाडीत त्याला नावाने कोणी हाक मारतच नव्हतं. सगळे म्हणायचे डावरा. काकाही डावराच म्हणायचा.

माझा हवालदार जागेवर गेला. हा हवालदार पोटाने असा संपन्न, की वळणावर पोट आधी पोचायचं आणि तपास मागून. पण कामाला वाघ. त्याने काकाला गाडीत घालून जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे टाके पडले, जखमेचा दाखला मिळाला: उजव्या कानशिलावर जखम, बोथट वस्तूने होण्यासारखी. उजव्या अंगावरून वारं गेलेलं, हात आणि पाय दोन्ही लुळे. डोक्यात मार बसला म्हणून वारं गेलं, असं सगळ्यांनी धरलं, मीही धरलं.

काकाने डोळे उघडले तेव्हा हवालदार त्याच्या कानाशी वाकला आणि विचारलं, “काका, कोणी मारलं?”

काकाचे ओठ वाकडे झाले. डोळ्यांतून पाणी आलं. मग स्वच्छ शब्द आला. “डावरा.”

“कोण?”

“डावरा. डावरा.”

झालं! हवालदाराने जबाब लिहिला, डाव्या हाताचा अंगठा घेतला, आणि खाली येऊन टेम्पोवाल्याला उचलला.

बाकी सगळं आपल्या पायांनी चालत आलं. आदल्या दिवशी देवळात प्रसाद वाटताना पुतण्याने घाईत डावा हात पुढे केला होता. काकाने सगळ्या वाडीसमोर त्याच्या त्या हातावर फटका मारला. “देवाच्या दारात धुवायचा हात पुढं करतोस?” पुतण्या तिशीचा, चारचौघांत लाल झाला. बोलून गेला, “तुमाला पण एक दिवस डाव्या हातानं जेवायला लागंल काका, तवा कळंल!” हे वाक्य वाडीतल्या प्रत्येकाने मला सांगितलं, जे देवळात नव्हते त्यांनीही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा टेम्पो पायवाटेच्या तोंडाशी उभा दिसला. आणि दुपारीच काका त्या पायवाटेवर पडलेला सापडला.

राहिली जखम. हवालदाराने ठाण्यात मला समोर उभं केलं आणि वर्तमानपत्राची गुंडाळी डाव्या हातात घेतली. “हे बघा साहेब. समोरासमोर. मी डावरा.” गुंडाळी माझ्या उजव्या कानशिलावर बसली. “आता उजव्या हातानं.” ती डाव्या कानशिलावर बसली. “बघितलंत? उजव्या कानशिलावर मार म्हणजे मारणारा डावरा. पुरावा बोलतोय.”

“पुरावा बोलतोय ते कळलं,” मी म्हणालो, “तू आता थांब. मला लागलं.”

आरोपीला मी टेबलासमोर बसवलं. मारझोडीवर माझा कधीच विश्वास नव्हता. मारलेला माणूस आपल्याला आवडेल ते सांगतो, आणि आपल्याला काय आवडतं हे आपल्या तोंडावर लिहिलेलं असतं. मी कोठडीच्या चाव्यांचा जुडगा त्याच्याकडे फेकला. त्याने डाव्या हाताने झेलला.

“बघा!” हवालदार ओरडला.

मी जुडगा परत घेतला आणि हवालदाराकडे फेकला. त्यानेही डाव्याच हाताने झेलला. उजव्या हातात चहा होता म्हणून, असं तो अजून सांगतो. मग मला चेव आला, आणि मी तो जुडगा सगळ्या ठाण्यावर फेकला. अंमलदाराने दोन्ही हातांनी धरला. वायरलेसच्या शिपायाने नाकाने धरला. एवढी शास्त्रीय तपासणी त्या जिल्ह्यात तेव्हाच पहिल्यांदा झाली असावी. निष्कर्ष काहीच निघाला नाही, पण आरोपी हसला. हसणारा आरोपी बोलतो.

“जेवतोस कुठल्या हातानं?”

“उजव्या.”

“डावरा ना तू?”

“काकांनी शिकवलं, साहेब. लहान होतो तेव्हा जेवताना माझा डावा हात पंच्याने खाटेच्या पायाला बांधायचे. शाळेत लिहायला पण उजवा. फक्त स्टिअरिंग आणि क्रिकेट तेवढं सुटलं त्यांच्या हातातून.”

“राग असेल मग.”

“होता ना. मारायचंच असतं तर तेव्हाच मारलं असतं. उजवा मोकळा होता आणि दात पण होते.”

“आणि टेम्पो तिथे का उभा केलास?”

“रेडिएटर तापला. घाटात कुणाचा तापत नाही? पाणी आणायला झऱ्यावर गेलो. झरा रस्त्याच्या वरच्या अंगाला हाय, वाट खालच्या अंगाला. मी काकांना बघितलंच नाय.”

“कुणी बघितलं तुला झऱ्यावर?”

“माकडांनी.”

उर्मटपणा नव्हता तो, दमलेला माणूस बोलतो तसं बोलत होता. मीही दमलेला होतो, म्हणून ओळखलं. मग त्याने एकच गोष्ट विचारली. काकांनी जेवण घेतलं का? मी सांगितलं की नळीने देतात. तो उठला आणि आपणहून कोठडीत गेला.

त्यानंतर काकी आली आणि ओरडली, ते सुरुवातीला सांगितलं. ती ओरडत होती तेव्हा तो तिच्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या हाताकडे बघत होता. आजवर कधी बघितलाच नाही असा.

आता पेच असा होता. काकाला महाडच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं होतं. तब्येत खालीवर होत होती. म्हातारा गेला तर खुनाचा गुन्हा, आणि त्याचा जबाब म्हणजे मृत्युपूर्व जबाब. असा जबाब पोलिसाने घेऊन भागत नाही. दंडाधिकारी म्हणून नायब तहसीलदार येतात, डॉक्टर लिहून देतात की रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत आहे, मग प्रश्न-उत्तर जसंच्या तसं उतरवतात. नायब तहसीलदार दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होते. ते विचारणार, कोणी मारलं. काका म्हणणार, डावरा. त्या एका शब्दावर तो माणूस आत गेला असता आणि त्याचे केस पांढरे होईपर्यंत बाहेर आला नसता.

सकाळी मी हवालदाराला म्हटलं, चल, तहसीलदारांच्या आधी आपण जाऊन येऊ. मला शंका आली होती म्हणून गेलो, असं मी लोकांना सांगतो. खरं तर ठाण्यात काकी पुन्हा येणार होती, आणि माझ्या कानांना सुट्टी हवी होती. पण काकी आमच्या आधीच खाटेशी बसलेली होती.

खाट अरुंद, वॉर्ड गच्च. हवालदार आत शिरला तो आधी पोटाने. खाटेचं चाक निघालेलं होतं, पोटाचा धक्का लागून खाट सरकली, आणि काकाचा चांगला पाय लोखंडी कपाटावर आपटला. त्याबरोबर त्या माळकऱ्याच्या तोंडून अशी एक शिवी निघाली, स्पष्ट, सगळ्या काना-मात्रांसकट, की शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं सलाईन थांबलं. हवालदाराच्या आईपासून सुरू होऊन ती बरीच लांब गेली.

काकीने तोंडावर पदर घेतला. “यांच्या तोंडात कदी शिवी नाय आली! बैलाला सुदिक अहोजाहो करायचे!”

“साहेब,” हवालदाराचे डोळे चमकले, “याला बोलता येतंय. हा नाटक करतोय.”

तेवढ्यात तिथल्या डॉक्टरीणबाई आल्या. वयाने लहान, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. माझ्याहूनही थकलेलं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. “नाटक नाही,” त्या म्हणाल्या. “शिवी बोलण्याच्या कप्प्यातून येत नाही. ती आपोआप येते, दुसरीकडून. देवाचा गजर, आकडे, शिव्या, हे असं राहतं बऱ्याच जणांचं. आपण ठरवून बोलतो ते जातं.”

“मग ‘डावरा’ कुठल्या कप्प्यातून येतो?” मी विचारलं.

त्या काकाच्या उशाशी आल्या. “दुसरं काही विचारलंत का त्यांना?”

मी हवालदाराकडे बघितलं. हवालदाराने छताकडे बघितलं.

मी खुर्ची ओढून काकासमोर बसलो. “काका, चहा घेणार?”

“डावरा,” काका म्हणाला. डोळ्यांत पाणी.

“तुमची गावदेवी कोण?”

“डावरा.”

“हा जाड माणूस कोण?”

“डावरा,” आणि मग हवालदाराकडे बघून पुन्हा ती शिवी. तेवढी बरोबर होती.

काकीला मी म्हटलं, “मावशी, तुमचं नाव विचारा त्यांना.”

तिला ते जमेना. त्या पिढीत नवऱ्याच्या तोंडून बायकोचं नाव कुठे येतं? ती अंगठ्याने फरशी कोरत राहिली. मग वाकून हळूच म्हणाली, “अवो, मी कोन?”

काका तिच्याकडे बघत राहिला. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. कपाळावर घाम आला. एवढी मेहनत मी दोरखंडाने टेम्पो ओढणाऱ्यांची बघितली नाही. शेवटी आला तो तोच शब्द.

“डावरा.”

काकी मागे सरकून भिंतीला टेकली. आदल्या दिवशी जिच्या आवाजाने पाल पडली, तिच्या तोंडून आता श्वासही ऐकू येत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो उजेडावर धरला. काळ्या कागदावर अक्रोडाचं चित्र. “रिपोर्ट आजच आला. रक्ताची गुठळी इथे आहे, डाव्या बाजूला. वाहिनी बंद पडली. बोलणं बहुतेकांचं डाव्या मेंदूत असतं, आणि डावा मेंदू उजवं अंग चालवतो. म्हणून बोलणंही गेलं आणि उजवा हात-पायही. सगळं उलटं बांधलेलं असतं आत.”

“आणि उजवा मेंदू?”

“डावं अंग.”

“म्हणजे उजव्या कानशिलावर कोणी मारलं, आणि त्या माराने वारं गेलं, तर?”

“डावं अंग जायला हवं होतं. अपवाद असतात, पण इथे जखमेखाली काहीच नाही. हाड शाबूत, आत रक्त नाही. जखम वरची आहे. आधी झटका आला, मग ते पडले. उजवं अंग लुळं पडलं म्हणून उजव्या अंगावर पडले.”

हवालदाराने हळूच आपले दोन्ही हात वर केले आणि बघितले. आधी एक, मग दुसरा. ज्या जखमेने आदल्या दिवशी पुतण्याला फासाजवळ नेलं होतं, तीच जखम आता त्याच्या बाजूने उभी राहिली होती. जखम होती तिथेच होती.

“मग ‘डावरा’च का?” मी विचारलं.

“झटका येतो तेव्हा तोंडाशी जो शब्द असतो, कधी कधी तोच अडकून राहतो. नक्की सांगता येत नाही.” आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. तिथे दुसरं कोणी ओरडत होतं.

पण कोर्टापुढे उलटा मेंदू नेऊन चालत नाही, सुलटा पुरावा लागतो. नायब तहसीलदारांना डॉक्टरांकडून लेखी कळवलं, की रुग्ण जबाब देण्याच्या स्थितीत नाही. मग आम्ही घाटात परत गेलो.

जागेवर मी हवालदाराला विचारलं, “मारायचं हत्यार म्हणून तू जप्त केलेला दगड कुठे होता?”

“इथं गडग्यात, साहेब. रक्त लागलेला.” गडग्यात एक भोक दिसत होतं. “चांगला रुतला होता. पहारीनं काढावा लागला.”

“पहारीनं.”

“हो साहेब.”

“म्हणजे आरोपीने पहार आणली, दगड काढला, काकाला मारला, पुन्हा जागेवर रुतवला, आणि मग तू काढलास.”

हवालदाराने घाम पुसला. तो अंगाने मोठा होता, पण त्या क्षणी मला उगाच बारीक वाटला.

काकाची डाव्या पायातली चप्पल पायातच होती. उजवी झटापटीत उडाली असं पंचनाम्यात लिहिलं होतं. ती सापडली होती वाटेवर बरीच वर, रस्त्याजवळ. झटापट खाली आणि चप्पल वर, एवढी उडणारी चप्पल मी फक्त सभांमध्ये बघितली आहे. म्हणजे वर रस्त्यापाशीच पायातून चप्पल निघाली, आणि तिच्याविना तो चालत राहिला. चप्पल गेली हे त्या पायाला कळलंच नव्हतं.

रस्त्यापाशी एका बाईची चहाची टपरी होती. आम्ही चहा मागितला. ती चहा देताना माझ्याकडे बघेना, चपलेचं नाव काढलं तशी कप विसळायला बसली. विसळलेलेच कप पुन्हा विसळायला लागली.

“ताई,” मी म्हटलं, “त्या दिवशी काका इथे आले होते?”

“येत्यात की सगळे.”

“त्या दिवशी?”

“मला नाय म्हाईत.”

“डावऱ्याला जन्मठेप होईल.”

तिचा हात थांबला. रस्त्यावर कोणी नाही ना बघून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, “सायेब, सांगत्ये. पन तुमी कागदावर नका घालू. ते प्यालेले व्हते.”

“काका? माळकरी?”

“म्हनून तर! कप दिला तं उजव्या हातातून सुटला. दुसरा दिला तं तोंडाच्या कोपऱ्यातून च्या खाली. बोलाय लागले तं जीब जड. म्हनत व्हते, डावऱ्याचा टेम्पो उभा हाय, डावऱ्याला हाक मार, डावरा कुठं हाय. मग उठून झोकांड्या खात वाटेला लागले. मी म्हनलं, एवडा जल्म माळ घातली आन आज बाटवली. आता त्यांची बेअब्रू मी करू? देवळात दिवा लावनारा मानूस हाय तो.”

“त्यांना धरायचं तरी!”

“प्यालेल्या मोठ्या मानसाला बाय मानसानं कसं धरायचं?” तिने उलट मलाच विचारलं.

बघा. एका माणसाची अब्रू वाचवायला बाई गप्प बसली, आणि दुसऱ्याचा जन्म जाणार होता. तिच्या मनात पाप नव्हतं. प्यायलेला माणूस आणि झटका आलेला माणूस लांबून सारखाच दिसतो. मी पोलीस असून मला तरी वेगळा ओळखता आला असता का, शंका आहे. मी तिला सांगितलं, “ताई, ते प्यालेले नव्हते. अंगावरून वारं गेलं होतं तेव्हाच.”

तिने हातातला कप खाली ठेवला. आधी माळ न बाटल्याचा आनंद दिसला, हे मी शपथेवर सांगतो. मग तोंड पडलं. “म्हंजे मी हाक मारली असती तं तो आला असता,” ती म्हणाली. “टेम्पो तर समोरच व्हता.”

चहा गार झाला होता, तो तसाच प्यायलो.

तिचा जबाब घेतला, कागदावरच घेतला. पुराव्याअभावी आरोपीला सोडण्याचा अहवाल कोर्टात गेला, आणि गुन्ह्याची ‘क’ समरी पाठवली. गैरसमजातून गुन्हा दाखल झाला की ती पाठवतात. पुतण्याला कोठडीतून काढला तेव्हा मला वाटलं तो दोन शिव्या तरी देईल. हवालदार तर तयारीने दाराआड उभा होता. पुतण्या म्हणाला, “टेम्पोची चावी द्या.” उजवा हात पुढे केला, मोठ्या माणसाकडून काही घेताना करतात तसा. चावी घेतली आणि सरळ महाडला गेला.

लोक विचारतात, या प्रकरणाने काय शिकवलं. डाव्या-उजव्याचं शास्त्र मला तेव्हाही कळलं नाही, आताही नीट सांगता येत नाही. माझ्या धंद्यापुरतं एवढंच शिकलो, की पहिल्या प्रश्नाचं उत्तर मनासारखं आलं, की थांबायचं नाही. दुसरा प्रश्न विचारायचा, आणि तो पहिल्याशी काही संबंध नसलेला असावा. चहा घेणार का, एवढा साधा चालतो. आपण एकच प्रश्न विचारतो आणि जगाला एकच उत्तर येतं असं धरून बसतो. पुढे हे मी नवीन पोरांना शिकवायचो. ती मान डोलवायची आणि पहिल्याच प्रश्नावर केस उरकायची, कारण तीही बंदोबस्तावरून आलेली असायची.

काका वाचला. शब्द थोडे परत आले, बहुतेक नाही. उजवा हात गेला तो गेलाच.

काही महिन्यांनी त्या बाजूला दुसऱ्या कामाने गेलो होतो. वाटेत त्यांच्या घरी डोकावलो. जेवणाची वेळ होती. काका भिंतीला टेकून पाटावर बसलेला, उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा ठेवलेला. समोर भात आणि कुळथाचं पिठलं. शेजारी खेटून पुतण्या.

“समोर नाही बसत?” मी विचारलं.

“समोर बसलं की त्यांना उलटं दिसतं, साहेब. शेजारी बरं.”

तो डाव्या हाताने भात कालवत होता. घास करून दाखवायचा, अंगठा कसा ढकलायचा ते दाखवायचा. काका डोळे बारीक करून बघायचा आणि आपल्या डाव्या हाताने तसं करायला जायचा. निम्मा घास तोंडात, निम्मा धोतरावर. मग मी पुतण्याकडे नीट बघितलं. त्याच्याही हातातून भात गळत होता. इतकी वर्षं उजव्याने जेवून जेवून त्याचा डावा हात जेवायचं विसरला होता. खाटेच्या पायाला बांधलेला हात, तो आता कुठे सुटला होता. काकाने त्याच्या गळणाऱ्या बोटांकडे बघितलं, रागाने मान हलवली आणि म्हणाला, “डावरा.”

या वेळी तो बरोबर बोलला होता की शब्दच तेवढा उरला होता, कोण जाणे.

काकी चुलीपाशी होती. मला बघून उठली, पदर सारखा केला. ठाण्यातल्या त्या दिवसाचा विषय नको म्हणून मी विचारलं, “काय मावशी, आता घरात डाव्या हातानं जेवलेलं चालतं वाटतं?”

ती फडकं घेऊन वाकली, पाटाभोवतीची शितं गोळा करायला लागली.

“दोगं बी सांडत्यात, सायेब,” ती म्हणाली.